पाच लिटरची लाल खूण

नगर जिल्ह्यात ऊस, कांदा आणि माझी बुद्धी यांचं पीक भरघोस येतं. पैकी उसाला आणि कांद्याला कधीमधी भाव तरी मिळतो. मी कानिफनाथ शेळके. सावेडीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, आणि उरलेल्या वेळात, म्हणजे जवळजवळ दिवसभर, मी प्रोग्रॅममधल्या गुन्ह्यांचा छडा लावतो. माझी नजर घारीची आहे. मला चष्मा लागतो आणि घारीला लागत नाही, एवढाच काय तो फरक. माझं नाव ऐकून भलेभले गुन्हेगार चळाचळा कापतात असं मी बऱ्याच जणांना सांगितलेलं आहे.

हे प्रकरण 'दूधहाक'चं. शेतकऱ्यानं संघात दूध घातलं की हा प्रोग्रॅम त्याला फोन करून किती लिटर नोंदलं ते सांगतो. बरोबर असेल तर एक दाबायचं, चूक असेल तर दोन. सॉफ्टवेअर मुक्त आहे, म्हणजे कोणीही वाचावं, कोणीही सुधारावं आणि पगार कोणीच मागू नये. रोज संध्याकाळी सातला माझ्या दुकानातला एक कॉम्प्युटर सगळा प्रोग्रॅम आपोआप जुळवतो आणि त्याची परीक्षा घेतो. पास झाला तर पडद्यावर हिरवी खूण, नापास झाला तर लाल.

तीन वर्षं खूण हिरवी होती. मग एके दिवशी लाल झाली. दुसऱ्या दिवशी हिरवी, पुढचे दोन दिवस पुन्हा लाल. या चार दिवसांत प्रोग्रॅममध्ये एका अक्षराचाही फरक केलेला नव्हता. असं प्रकरण आलं की सामान्य माणूस घाबरतो. मी चहा मागवतो.

घाबरली होती ती ज्ञानेश्वरी. ही माझी सहायक, नेवाशाची, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. पूर्वी दूधहाकच्या फोनवर एक गृहस्थ बोलायचे, "आपल्या खाती पाच लिटर दुग्ध संकलित झाले असून, सदर नोंद ग्राह्य असल्यास एक क्रमांक दाबावा." ते ऐकून ज्ञानेश्वरीच्या आईनं बँकेचा फोन समजून तो कितीदा तरी कापला होता. म्हणून या पोरीनं बाहेरच्या ट्रॅक्टरचा आवाज येऊ नये यासाठी डोक्यावरून गोधडी घेऊन सगळी वाक्यं स्वतःच्या आवाजात नव्यानं भरली, "आज तुमी पाच लिटर दूध घातलं. बरोबर आसंल तर एक दाबा, चुकलं आसंल तर दोन."

तिचा आवाज प्रोग्रॅममध्ये गेला आणि त्याच आठवड्यात लाल खूण सुरू झाली. रविवारी नवी आवृत्ती सगळ्या संघांना जायची होती, आणि आमचा नियम सरळ आहे. ज्याच्या बदलानंतर खूण लाल होते, त्याचा बदल बाहेर.

"सर, माझा आवाज काढून टाकाल का हो?" तिनं विचारलं. "पुन्हा तेच 'सदर' आणि 'ग्राह्य' होईल. मला फार वाईट वाटेल."

"कानिफनाथ असताना वाईट वाटून घ्यायचं नाही," मी म्हणालो आणि तपास हाती घेतला.

पहिला संशय घुसखोरावर. दुकान बंद झाल्यावर कोणीतरी येऊन कॉम्प्युटरशी चाळे करत असणार. मी कॉम्प्युटरभोवती रांगोळीची पूड पसरली. सकाळी तिच्यात ठसे उमटलेले. नुसत्या ठशांवरून मी संशयिताचं वर्णन काढलं. उंची बेताची, पोट पुढे, डावा पाय घासत चालण्याची सवय, स्वभाव संशयी आणि आळशी.

माझी बायको सीमा डबा घेऊन आली होती. "अहो, ही तुमचीच चप्पल आहे," ती म्हणाली. "बाकी वर्णन बरोबर आहे."

दुसरा संशय शिर्डीवर. गुरुवारी लाल खूण पुन्हा आली होती. गुरुवारी शिर्डीला गर्दी, गर्दीतला प्रत्येक जण घरी फोन लावून दर्शन झाल्याचं कळवणार, मग सगळ्या जिल्ह्याच्या रेंजवर ताण येणार. सिद्धांत निर्दोष होता. शुक्रवारीही लाल खूण आली, तेव्हा मी शुक्रवारकडे दुर्लक्ष केलं.

मग इन्व्हर्टर झाला, उंदीर झाले, पुण्याचे लोक झाले. शनिवारी दुपारी मी जड मनानं निकाल दिला.

"ज्ञानेश्वरी, गुन्हेगार तुझा आवाजच आहे. त्यातला गोडवा यंत्राला सोसत नाही. बदल काढावा लागेल."

ज्ञानेश्वरी पडद्याकडे बघत म्हणाली, "सर, नापास का झालं ते इथं लिहिलंय. तुम्ही वाचलं होतं का?"

"मी वाचत नाही, मी निष्कर्ष काढतो."

"अपेक्षित उत्तर एक. मिळालेलं उत्तर दोन. हे उत्तर देतं कोण?"

"कोण म्हणजे? तपासणीसाठी ठेवलेला काल्पनिक शेतकरी. त्याला रोज पाच लिटर सांगायचं, त्यानं एक दाबायचं."

"मग काल्पनिक शेतकऱ्याचा नंबर दहा आकडी कसा?" असं म्हणून तिनं सरळ तो नंबर लावला आणि स्पीकर चालू केला.

"कोन हाय?" पलीकडून एक बाई बोलल्या.

"मावशी, मी नगरहून बोलतेय, दूधहाकमधून."

"आगं बया, तूच व्हय ती? रोज सात वाजता बोलती ती? आवाज वळखला मी."

बाईंचं नाव छबूबाई. पारनेरकडच्या. आमचा प्रकल्प ज्यानं सुरू केला तो जालिंदर त्यांचा भाचा. तपासणीसाठी फोन हवा होता म्हणून त्यानं आत्याचाच नंबर टाकला, 'सातला फोन यील, उचलून दाबत जा' असं सांगितलं आणि नोकरीला बंगळुरूला निघून गेला. तीन वर्षं आमची अत्याधुनिक स्वयंचलित तपासणी छबूबाई चुलीपुढं बसून पार पाडत होत्या.

"मावशी, आधी तुम्ही रोज एक दाबायचात. आता मधेच दोन का?"

"आधी त्यो बाबा काय बोलायचा त्ये कळायचंच न्हाई. एक दाबलं की गप बसायचा, म्हनून दाबायची. आता तू नीट सांगतीस ना, पाच लिटर घातलं म्हनून. माझी म्हस एकच. पाच देती त्या दिशी एक दाबती. परवा चारच दिलं. मंग खोटं कशाला बोलू?"

मी पुढे झालो. "मावशी, आज एक दिवस एक दाबा. विज्ञानासाठी."

"म्हशीला सांगा," छबूबाई म्हणाल्या.

ज्ञानेश्वरीनं तोंडावर ओढणी धरली होती. जो आवाज मी काढायला निघालो होतो, तो आठवडाभर रोज सांगत होता, 'मी नीट चाललोय, बाईंना कळतंय.' आम्ही त्यालाच बिघाड म्हणत होतो. मी इतका ओशाळलो की त्या दिवशीचा दुसरा चहा मागवला नाही.

संध्याकाळपर्यंत तिनं तपासणीसाठी खरोखरचा काल्पनिक शेतकरी तयार केला. तो एकदा एक दाबतो, एकदा दोन, आणि दोन्ही उत्तरं जागेवर पोचतात का ते यंत्र बघतं. सातला हिरवी खूण आली. रविवारी तिचा आवाज सगळ्या संघांना गेला. अहवाल मी लिहिला, त्यात 'कानिफनाथ यांच्या मार्गदर्शनाखाली' हे शब्द फक्त चारदा आहेत.

रविवारी सव्वासातला दुकानातला फोन वाजला.

"कालबी फोन न्हाई आला, आजबी न्हाई," छबूबाई म्हणाल्या.

"मावशी, आता तुम्हाला त्रास नाही. आम्ही काल्पनिक शेतकरी नेमलाय."

"त्याची म्हस किती दूध देती?"

ज्ञानेश्वरीनं माझ्या हातातून फोन घेतला. "मावशी, मी बोलतेय. आज किती घातलं?"

"साडेपाच," त्या म्हणाल्या. त्यावर ज्ञानेश्वरी हसली की रडली, याचा तपास मी अजून पूर्ण केलेला नाही.