शत्रुत्वाचा दाखला

नदीपलीकडचा पिवळा फुटबॉल संघ आर्थिकदृष्ट्या डबघाईला आला असून चालू हंगाम संपेपर्यंत तो टिकेल अशी चिन्हं नाहीत, असं माझ्या नवऱ्याने मंगळवारी सकाळी दात घासता घासता जाहीर केलं. तोंडात फेस असल्यामुळे त्याला आनंद झालाय की दुःख, ते कळेना. चूळ भरल्यावरही कळेना. आमचं घर तीन पिढ्या निळ्या संघाचं. सासूबाईंनी मला पसंत करताना एकच चौकशी केली होती, माहेरी पिवळं कोणी आहे का.

मला मात्र वेगळीच काळजी होती, आणि तिचा फुटबॉलशी संबंध नव्हता. पिवळ्यांच्या मैदानात, पूर्वेकडच्या प्रेक्षकसज्ज्याच्या खाली, एक पाळणाघर आहे. आमची दीड वर्षाची मुलगी तिथे असते. मी औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं तपासण्याची नोकरी करते. एक टिंब सुटलं तर माणूस दसपट औषध घेऊन मोकळा होतो, त्यामुळे माझा कशावर चटकन विश्वास बसत नाही. पर्समध्ये मोजपट्टी ठेवून मी सतरा पाळणाघरं पाहिली होती. एकीकडे स्विचबोर्ड मुलांच्या हाताच्या उंचीवर, एकीकडे खिडकीच्या गजांतून डोकं जाईल एवढी जागा, एकीकडे बाई प्रेमळ पण कानाला फोन. अठराव्या ठिकाणी, या सज्ज्याखाली, मावशी भेटल्या. झोपलेल्या प्रत्येक मुलाच्या नाकाखाली बोट धरून त्या श्वास बघत होत्या, आणि मी पाहतेय म्हणून लाजतही नव्हत्या. मोजपट्टी मी बाहेर काढलीच नाही.

संघ बुडाला तर मैदान विकणार, मैदान गेलं की सज्जा पाडणार, सज्जा पडला की पाळणाघर संपलं, आणि पाळणाघर संपलं की माझी नोकरी. ही साखळी मी नवऱ्याला समजावून सांगितली. तो म्हणाला, हा फार नाजूक भावनिक प्रश्न आहे, त्यात मूल आणू नकोस.

निळ्या समर्थक मंडळाची तातडीची सभा ड्रायव्हिंग स्कूलच्या वर्गात, वाहतुकीच्या खुणांच्या तक्त्याखाली भरली. मुलीला मांडीवर घेऊन मी मागच्या बाकावर बसले. अध्यक्षस्थानी शिट्टीकाका होते. त्यांनी आयुष्यात एकाही सामन्यात पंचगिरी केलेली नाही, पण गळ्यात शिट्टी घातल्याशिवाय त्यांना सुचत नाही. पहिला तासभर 'बुडू द्या' असंच सगळ्यांचं म्हणणं पडलं. मग एकाने शंका काढली की इतकी वर्षं आपण बुडवायचा प्रयत्न केला आणि शेवटी बुडवलं कोणी, तर बँकेने. ही आपली मानहानी नव्हे काय? सभेत चलबिचल झाली. तेवढ्यात कोपऱ्यातले शिंपीदादा उठले.

"आपली एकूण गाणी बारा," ते म्हणाले. "अकरा पिवळ्यांना शिव्या घालणारी. बारावं, बॅनर रंगवून दिला म्हणून रंगाच्या दुकानाचे आभार मानणारं. पिवळे गेले तर पुढच्या रविवारपासून नव्वद मिनिटं आपण रंगवाल्याचे आभार मानत बसायचं का?"

शिट्टीकाकांनी डोळे पुसले. पिवळा संघ जगवण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. 'सदर मदत कोणत्याही सद्भावनेशिवाय करण्यात येत आहे,' हे वाक्य माझ्या नवऱ्याने सुचवलं आणि त्याला टाळ्या पडल्या. मला तेव्हा वाटलं, चला, सुटलो.

जमलेली वर्गणी थेट नेऊन देता आली असती. पण कोणीतरी क्रीडा सौहार्द कार्यालयाची योजना शोधून काढली. अडचणीतल्या संघाला प्रतिस्पर्ध्यांच्या समर्थकांनी मदत केली, तर कार्यालय त्यात तेवढीच भर घालणार होतं, कारण त्यातून सौहार्द वाढतं. स्वतःच्याच संघाला मदत करणाऱ्याला एक पैसाही मिळणार नव्हता. ती नुसती आपुलकी झाली. मात्र मदत करणारा अस्सल प्रतिस्पर्धी असल्याचं सिद्ध व्हायला हवं होतं. अनुदान दिसलं की लोक खोटं वैर दाखवतात, असा कार्यालयाचा पूर्वानुभव होता.

अर्ज अकरा पानांचा. वैराचा प्रकार : वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित. वैराचा एकूण कालावधी. मध्ये खंड पडला असल्यास कारण. कुटुंबातील इतर व्यक्तींचे वैर. अज्ञान मुलांच्या बाबतीत पालकाची सही. नवऱ्याने अभिमानाने 'वडिलोपार्जित' वर खूण केली आणि फसला. वडिलोपार्जित म्हटल्यावर सगळ्या वारसांची संमती लागली. नणंद लग्न होऊन परगावी गेलेली, तिला फुटबॉलमध्ये रस नाही, पण बाबांच्या द्वेषात आपलाही अर्धा वाटा आहे हे कळल्यावर तिला तो एकदम हवासा वाटू लागला. आठवडाभर फोन चालले. शेवटी सासूबाईंनी रडून दाखवलं तेव्हा तिने हक्कसोडपत्र पाठवलं.

पुरावा म्हणून नवऱ्याने तुटका दात दाखवला. नऊ वर्षांपूर्वी एका पिवळ्या समर्थकाच्या छत्रीने तो तुटला होता. दातांच्या डॉक्टरांनी दाखल्यात लिहिलं की दात आधीच किडलेला होता, छत्रीचं नुसतं निमित्त झालं. अर्ज त्रुटीत निघाला. मग शेजाऱ्यांचे जबाब जोडले. आमच्या इमारतीतल्या चाळीस जणांनी, आपण अर्जदाराला दर रविवारी पिवळ्यांविषयी न छापण्याजोगं बोलताना ऐकलं आहे, अशा कागदावर सह्या केल्या. त्याला वीस मिनिटं लागली, त्यातली पाच लिफ्टमध्ये गेली.

राहिली घरची तपासणी. तपासनीस बाई गुरुवारी पाच वाजता आल्या, चपला काढल्या, पाणी घेतलं आणि कपाटं उघडायला लागल्या. फ्रिजमध्ये चार लिंबं सापडली. त्यांनी ती मोजली आणि 'खाद्यपदार्थ, हरकत नाही' अशी नोंद केली. सासऱ्यांचा निळा मफलर पाहून त्यांचा चेहरा बराच निवळला. सगळं सुरळीत पार पडत होतं. तेवढ्यात आमची मुलगी आतल्या खोलीतून डुलत डुलत आली, खुर्चीला धरून उभी राहिली, आणि टाळ्या वाजवत पिवळ्यांचं संघगीत गुणगुणायला लागली. सज्ज्याखाली दिवसभर तेच कानावर पडतं, ती तरी काय करणार. शब्द नव्हते, पण चाल अचूक होती.

बाईंचं पेन थांबलं. मुलगी दिवसभर कुठे असते, असं त्यांनी विचारलं. नवरा माझ्याकडे डोळे वटारून बघत होता. पण लेबलं तपासणाऱ्या माणसाला खोटं लिहवत नाही, तसं बोलवतही नाही. मी सांगून टाकलं.

"वहिनी," बाई अगदी घरच्यासारख्या म्हणाल्या, "शत्रूच्या हाती कोणी पोटचं पोर देतं का?"

मी स्विचबोर्डांची उंची सांगितली. मावशी श्वास कसा बघतात तेही सांगितलं. त्यांनी सगळं लक्ष देऊन ऐकून घेतलं, त्यांनाही लहान नातू होता, आणि मग शेरा लिहिला : 'अर्जदाराच्या कुटुंबाचा शत्रूवर गाढ विश्वास असल्याचे दिसून आले. सबब वैर संशयास्पद.'

त्या गेल्यावर नवरा म्हणाला, दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे, मुलीला काढून घेऊ आणि दाखला हातात पडला की परत घालू. मी विचारलं, पाळणाघर वाचवायला मुलीला पाळणाघरातून काढायचं? तो म्हणाला, अगं, त्याशिवाय ते वाचणार कसं? त्या तर्कात कुठे टिंब सुटलंय हे मी अजून शोधते आहे.

सासूबाईंनी स्वच्छ सांगितलं की त्या नातीवर वाटेल तेवढी माया करतील, पण गुडघे असे झाल्यावर तिच्यामागे पळणार नाहीत. मी बिनपगारी रजा टाकली. साहेबांनी पुढच्या महिनाअखेरपर्यंत मुदत दिली आणि त्यानंतरचं वाक्य अर्धवट सोडलं. मावशींना सांगायला मीच गेले. त्या रागावल्या नाहीत. "माझंच पाळणाघर राहावं म्हणून नेताय ना, मग न्या," म्हणाल्या, आणि ती कशी झोपते, कशाने दचकते, ढेकर यायला किती वेळ लागतो, असं पानभर लिहून दिलं. माझ्या आधी त्यांनी अशी चार पानं लिहिली होती. शनिवारपर्यंत पाळणाघरातल्या अकराच्या अकरा मुलांची झाली. सगळी मुलं आमच्याच काठावरची, सगळ्यांच्या घरी अर्ज.

दाखला आला. त्यावर नवऱ्याचा फोटो, त्याखाली 'प्रमाणित शत्रू', आणि खाली बारीक अक्षरात मुलीचं नाव, 'अज्ञान शत्रू' म्हणून.

आता पिवळ्यांच्या समर्थकांचं काय झालं, तेही सांगायला हवं. त्यांनी आपल्या संघासाठी घरातल्या वस्तू विकल्या होत्या. पण त्यांचा रुपया हा रुपयाच राहत होता आणि आमचा दोन होत होता. आपल्या प्रेमाचा संघाला तोटा होतोय, हे त्यांच्या लक्षात आलं. मग तेही रांगेत लागले. सगळ्यांत आधी पिवळ्यांचे अध्यक्षच आले, 'स्वकष्टार्जित' वर खूण करून. गोलरक्षकाच्या आईने तपासणीच्या आदल्या दिवशी भिंतीवरचा मुलाचा फोटो उतरवला आणि त्या जागी निळं कॅलेंडर लावलं. दीड महिन्यात शहरात पिवळ्यांचा एकही समर्थक उरला नाही, आणि पिवळा संघ शहरातला सर्वांत श्रीमंत संघ झाला.

त्यानंतरच्या सामन्याला मैदान तुडुंब भरलं. जिकडे तिकडे निळं. दर दहाव्या रांगेत वही घेऊन एक तपासनीस. आमचा सगळ्यात तेज खेळाडू आता पिवळ्यांकडून खेळत होता, कारण आम्ही दिलेल्या पैशांतून त्यांनी तो विकत घेतला होता. त्याने आमच्यावर चार गोल केले. पिवळ्यांच्या गोलरक्षकाने शेवटी एक अवघड चेंडू अडवला तेव्हा त्याची आई हमसून हमसून रडली. तपासनिसाने कारण विचारलं. ती म्हणाली, चीड आली. त्याने 'समाधानकारक' असं लिहून घेतलं. नवरा घरी आला तो इतका खूष होता की जेवणही गेलं नाही. आता त्याचं वैर वडिलोपार्जितच्या जोडीला स्वकष्टार्जितही झालं होतं.

सोमवारी मी मुलीला कडेवर घेऊन पाळणाघरात गेले. दारावर सूचना होती : मुलांअभावी बंद. तिथे आता दाखल्यांच्या नूतनीकरणाची खिडकी आहे, कारण दाखला सहा महिन्यांनी संपतो. काचेपलीकडे मावशी बसल्या होत्या. त्यांना टोकन देण्याच्या कामावर घेतलंय. प्रमाणित शत्रूच्या मुलाला सामन्याचा दिवस वगळता आवारात ठेवता येत नाही, हे त्यांनी मला नियम क्रमांकासकट सांगितलं. मग मुलीने हात पसरले तसे त्यांनीही पसरले. काचेखालच्या फटीतून टोकनापुरतीच जागा होती.

महिनाअखेर चार दिवसांवर आली आहे. मावशी नोकरी सोडून यायला तयार आहेत. आमच्या इमारतीचा तळमजल्यावरचा हॉल वर्षभर रिकामा असतो, मी जाऊन सगळे स्विचबोर्ड मोजून आले. पाळणाघराला फक्त रहिवाशांची 'हरकत नाही' म्हणून सही लागते. मी कागद तयार केला, तीनदा तपासला आणि जिना चढले.

पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी आत बोलावलं, चष्मा लावला, पेन उघडलं आणि विचारलं, "कोणाच्या विरोधात आहे?"

म्हटलं, कोणाच्याच नाही, लहान मुलांसाठी आहे.

त्यांनी कागद उलटून मागची बाजू पाहिली. तिथेही कोणी नव्हतं. मग पेनाला टोपण लावून म्हणाले, ठेवून जा, वाचतो सावकाश. दुसऱ्या मजल्यावर चौघांनी हेच विचारलं आणि हेच केलं. तिसऱ्या मजल्यावरच्या ताई तेवढ्या स्पष्ट बोलल्या. चौथ्या मजल्यावरच्यांच्या कुत्र्याचा कुठे उल्लेख असता, तर सही करायला बरं पडलं असतं, म्हणाल्या.

उद्या सकाळी मी तुमच्याकडे येते आहे. फार वेळ घेणार नाही, मुलगी कडेवर असेल. तुम्हीही आधी तेच विचारणार असाल, तर आत्ताच सांगून ठेवा. मजकुराच्या वर मी एक ओळ मोकळी सोडली आहे. कोणाचं नाव लिहून आणू?