सेतुमामांचा स्पेन

एका मंगळवारी सकाळी दूध घ्यायला म्हणून मी जिना उतरले आणि माझा पाय बार्सिलोनावर पडला.

"वैनी, थांबा. हलूं नका," सेतुमामा उकिडवे बसल्या जागेवरून म्हणाले. "पाय सरळ वर उचला. समुद्रांत ठेवा."

समुद्र म्हणजे त्यांच्या उंबऱ्यासमोरची नुकती शिंपलेली ओली जमीन. मी पाय समुद्रात ठेवला आणि खाली पाहिलं. तांदळाच्या पिठानं काढलेला अख्खा स्पेन देश माझ्यासमोर पसरला होता. एक वीत म्हणजे दोनशे किलोमीटर, स्केलला धरून. तंजावुरात दारापुढे रोज रांगोळी पडते, तिला इथे कोलम म्हणतात. पण ती बायकांनी काढायची असते, आणि त्यात कमळं, मोर वगैरे असतात. बहात्तर वर्षांच्या पुरुषानं उंबऱ्यात परदेश काढायची पद्धत नाही. समोरच्या घरातल्या अम्मा बाहेर आल्या, हे कुठल्या तरी देवाचं यंत्र असावं असं समजून हात जोडून गेल्या. दुपारपर्यंत मुंग्यांनी माद्रिद खाल्लं.

"राजधानी सगळ्यांत आधीं जाते," मामा म्हणाले. "हें आमच्याकडेंही जाहलं."

सेतुमाधवराव आमचे घरमालक. राजवाड्यामागच्या गल्लीत त्यांचं घर. त्यांचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठा राजांबरोबर तंजावुरात आले आणि परत जायचं राहून गेलं. मामांनी उभी हयात बांधकाम खात्यात नकाशे काढण्यात घालवली. पुलांचे, कालव्यांचे, कुठल्याशा कचेरीच्या संडासाचे. आता बायको नाही, लेक कोइमतुरास. माझ्या नवऱ्याची बँकेतली बदली इथे झाली म्हणून आम्ही साताऱ्याहून येऊन त्यांच्या माडीवर राहायला लागलो, त्याला तीन वर्षं झाली. ते मला वैनी म्हणतात, मी त्यांना मामा. त्यापुढचं आमचं बोलणं मोटर, पाणी आणि गॅसचा सिलिंडर एवढ्यावर चालायचं. ते त्यांच्या मराठीत विचारायचे, मी इंग्रजीत उत्तर द्यायची. त्यांच्या मराठीला तमिळची चाल आहे, शब्द आजोबा-पणजोबांच्या काळातले. कळायला मला एक क्षण जास्त लागायचा, आणि मला नेहमीच घाई असते.

हे स्पेनचं खूळ आलं ते माझ्यामुळेच. साताऱ्याहून वहिनीनं भाजणी पाठवली, तिच्याभोवती पुण्याच्या एका सहल कंपनीचं माहितीपत्रक गुंडाळलेलं होतं. मी ते लोणच्याच्या बरणीखाली घातलं. मामा नळाची तक्रार बघायला वर आले, त्यांनी बरणी उचलली, कागद काढला, उपरण्यानं त्यावरचं तेल पुसलं आणि उलटसुलट करून पाहिला.

"हें मराठी?"

"येस मामा. सम टूर. स्पेन," मी म्हणाले.

"वाचा बरं."

मामांना देवनागरी वाचता येत नाही. शिक्षण तमिळमध्ये झालं. इथल्या बहुतेकांचं तसंच आहे. पण ते कबूल करणं म्हणजे राजवाड्याचा अपमान, म्हणून त्यांचा चष्मा नेहमी खाली राहिलेला असतो. मी वाचलं. 'रंग, रस आणि रुची! स्पेनची संस्कृती आणि खाद्यजीवन अनुभवा, फक्त बारा जणांच्या जिव्हाळ्याच्या समूहात. दहा दिवस. संपूर्ण मराठमोळं वातावरण. अस्सल स्पॅनिश जेवणाचा आस्वाद आणि रोज रात्री गरम वरण-भात.' मला हसू आलं. मोठ्या बसच्या सहलीत माणसं हरवतात, लहान समूहात नुसती एकमेकांना कंटाळतात, एवढाच काय तो फरक. आणि वरण-भातच खायचा तर तो घरीही शिजतो.

मामा हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता अंघोळ करून, धुतलेली वेष्टी, म्हणजे इकडचं पांढरं धोतर, नेसून, तो कागद पाटावर ठेवूनच वर आले. सोबत पितळी तांब्यातून दोघांपुरती कॉफी.

"वैनी, प्रोग्राम वाचायचा आहे."

झालं. सुरू झालं पारायण. रोज पाच वाजता. मामा मांडी घालून खाली बसणार, डोळे मिटणार, मी वाचणार. पहिला दिवस माद्रिद. चौथा दिवस ऑलिव्हच्या मळ्याला भेट, तिथेच सोबतच्या स्वयंपाकी महाराजांच्या हातची पुरणपोळी. सहावा दिवस अल्हंब्राचा राजवाडा, नंतर खरेदीसाठी मोकळा वेळ. मी भल्या मनानं प्रत्येक वाक्यानंतर इंग्रजीत अर्थ सांगायची.

"इंग्रजी नको, वैनी. तें मजला येतं. पुढें वाचा."

कंटाळून एखादं वाक्य गाळलं तर डोळे न उघडता म्हणायचे, "ऑलिव्हचा मळा राहिला." शेवटी 'नियम व अटी लागू' आलं की कागदाला हात लावून नमस्कार, मग कॉफी. माझ्या नवऱ्यानं कपाळाला हात लावला. म्हणाला, लोक गुरुचरित्र वाचतात, तू सहलीच्या अटी वाचतेस.

स्पेनची तयारी म्हणून मामांनी स्पेनचं खाणंही सुरू केलं, आणि ते खाताना त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "हें आमच्या राजवाड्यांत होतं." कुंभकोणम रोडवरच्या मोठ्या दुकानातून ऑलिव्हची बाटली आणली. एक तोंडात टाकलं, मग सगळी बाटली दहीभाताबरोबर लोणचं म्हणून संपवली. राजवाड्यांत होतं. टोमॅटोचं थंड सूप मी मोबाइलवर दाखवलं तर म्हणाले, "रसम आहे. चूल पेटवायचं विसरले. हेंही राजवाड्यांत होतं." छोट्या छोट्या बशांत थोडं थोडं वाढतात, असं सांगितलं तर म्हणाले, "त्यास आम्ही नैवेद्य म्हणतों." फ्लामेंको नाचाचा व्हिडिओ मात्र त्यांनी मन लावून पाहिला. निकाल असा आला की हात भरतनाट्यमचे आहेत, पाय रागावलेले आहेत.

आता गंमत म्हणून एवढं पुरे होतं. पण एक दिवस मामांनी खरंच पुण्याला फोन लावला. स्पीकरवर, मला शेजारी बसवून.

"नमस्कार. मी तंजावुराहून सेतुमाधव राव बोलतों. मजला स्पेनास जाणें आहे."

पलीकडची मुलगी गोड होती. "जी सर, हिंदी में बात करें?"

"मी मराठींत बोलत आहें."

"ओके सर, इंग्लिश भी चलेगा."

"बाई, हें मराठीच आहे."

"सर, हमारी चेन्नई में ब्रँच है ना, वहाँ से तमिल ग्रूप निकलता है. नंबर दूँ?"

मामांनी फोन पाटावर उपडा ठेवला. त्यांचा चेहरा बघवेना. तीन दिवसांत तीनदा हेच झालं. तिला मराठी ऐकू येत होतं, पण ती उत्तर हिंदीत देत होती, आणि तिच्या मनात काही वाईट नव्हतं हीच खरी पंचाईत होती. चौथ्या वेळी मी फोन घेतला.

"मॅडम, आम्ही काकांच्या भल्यासाठीच म्हणतोय," ती म्हणाली. "आमचा ग्रूप अगदी मराठी असतो. गप्पा, विनोद, अंताक्षरी. काकांना फार एकटं वाटेल. एकच जागा उरलीय. रविवारी सगळ्यांचा ऑनलाइन परिचय मेळावा आहे. त्यात येऊ देत त्यांना. आमचे टूर लीडर बघतील, जमतंय का."

म्हणजे मुलाखतच. मामांनी जागा मिळवायचीच असं ठरवलं. मला वाटलं, हा राजवाड्याचा ताठा. मी मास्तरीण झाले.

"मामा, जाहलं म्हणायचं नाही, झालं म्हणायचं. मजला नाही, मला."

"आमचं जाहलं तुमच्या झाल्याहून जुनं आहे."

"असेल. पण जागा पाहिजे ना?"

मग मान खाली घालून शाळेतल्या मुलासारखं म्हणायचे, "मला." मी त्यांना एक वाक्य पाठ करायला दिलं, मला भटकंतीची आवड आहे.

"भटकंती म्हणजे?"

"वॉन्डरिंग, मामा."

"काम नसलेला माणूस करतो तें?"

"तेच."

"तें मी लोकांस कशाला सांगूं?"

पण पाठ केलं. शुक्रवारी, शनिवारी घरात येरझाऱ्या घालताना त्यांचं पुटपुटणं मला वर ऐकू यायचं.

रविवारी अकरा वाजता त्यांच्या नकाशांच्या टेबलावर मी माझा लॅपटॉप ठेवला. मामा इस्त्रीचा शर्ट घालून, कपाळावर गंध लावून समोर बसले. पडद्यावर चौकोनाचौकोनांत माणसं आली. टूर लीडर निनाद म्हणून तिशीतला मुलगा होता. त्यानं सांगितलं, प्रत्येकानं नाव सांगा आणि स्पेनमध्ये सगळ्यात जास्त काय अनुभवायचंय ते सांगा. डोंबिवलीच्या जोडप्याला अस्सल स्थानिक संस्कृतीत विरघळून जायचं होतं, आणि चार वाजता आल्याचा चहा नक्की मिळेल ना, एवढंच विचारायचं होतं. नाशिकच्या दोघी बहिणींपैकी एकीला फ्लामेंको पाहायचा होता. दुसरीला तिकडच्या भातात केशर घालतात ते आवडेल असं वाटत होतं, पण सोबत मेतकूट ठेवणार होती. मग निनाद म्हणाला, "आता तंजावूरचे काका."

"नमस्कार. मी सेतुमाधव राव. मला भट..." मामा थांबले. "मला भट..."

शब्द गेला. नाशिकची मोठी बहीण मायेनं पुढे झुकली. "अंकल, आप हिंदी में बोलिए ना. हम समझ लेंगे."

"किंवा इंग्लिश, सर. नो प्रॉब्लेम," निनाद म्हणाला.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी काय करावं? मीही खाली वाकून कुजबुजले, "मामा, जस्ट से इट इन इंग्लिश."

त्यांनी माझ्यावरची नजर काढली आणि पडद्याकडे वळले.

"नाहीं. मी मराठींतच सांगतों. सावकाश सांगतों, तुम्ही सावकाश ऐका. स्पेनांत मजला कांहीं पाहायचं नाहीं. तो राजवाडा, तो नाच, मी सगळं ऐकलेलं आहे. मजला जवळच्या पापनाशम गांवीं आक्का होती. रोज सकाळीं फोनावर तिच्यासंगें मराठी बोलत होतों. भाजी काय केली, पाऊस जाहला का, एवढंच. दोन वर्षं जाहलीं, ती गेली. नातवंडांस मी मराठींत विचारतों, तीं तमिळांत उत्तर देतात. कळतं त्यांस सगळं. पण उत्तर मराठींत येत नाहीं. माडीवर साताऱ्याच्या वैनी आहेत. फार चांगल्या. त्याही इंग्रजींत बोलतात. म्हणून वाटलं, दहा दिवस, बारा माणसं, एका टेबलावर जेवतील. कोणी तरी मजला मराठींत विचारील, अजून वाढूं का. तेवढं ऐकायला येतों. माझं बोलणं तुम्हांस नाहीं कळलं तर मी बोलणार नाहीं. कोपऱ्यांत बसेन."

नाशिकची मोठी बहीण तोंडावर पदर धरून होती. मी टेबलाच्या कडेकडे बघत राहिले. तीन वर्षं मी ह्या माणसाच्या डोक्यावर राहिले. महिनाभर रोज त्यांना वाचून दाखवलं, आणि त्यांना स्पेनचं वेड लागलंय असं सगळ्यांना हसून सांगत फिरले. मला माझीच लाज वाटली.

निनादनं वही पुढे ओढली.

"मामा," माझीच हाक उचलून तो मराठीत म्हणाला, "मला जेवणाची यादी करायचीय. तुम्हाला काय आवडतं, काय चालत नाही, ते सांगता का? सावकाश सांगा."

मामांनी सावकाश सांगितलं. कूटु आवडतं. डोंबिवलीच्या गृहस्थांनी विचारलं, कूटु म्हणजे काय हो मामा, तर डाळ कुठली, नारळ कधी घालायचा, हे सगळं सांगितलं. नाशिकच्या दोघींनी लिहून घेतलं. चिंचेचा कोळ, सुंठ, ताकातलं गवारीचं काहीतरी आक्का करायची ते. वीस मिनिटं झाली, कोणी मध्ये तोंड घातलं नाही. जेवणात काय चालत नाही, हे मात्र सांगायचं राहिलं. शेवटी निनाद म्हणाला, बारावी जागा तुमची, मामा.

पडदा बंद झाला. मामा खुर्चीत तसेच बसून होते.

"मामा," मी म्हणाले, "आज आमच्याकडे जेवायला या."

हे मी मराठीत म्हणाले. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"काय केलंय?"

"भेंडीची भाजी."

"भेंडी मजला मुळींच आवडत नाहीं," मामा म्हणाले, आणि उठून माझ्या आधी जिना चढायला लागले.