बबनची एकच फाईल

आमच्या भोईवाड्याच्या चाळीत चोराला कुणी भीत नव्हतं. चोराने न्यावं असं आमच्याकडे काही नव्हतं. पण जिन्यावर बबनच्या चपला वाजल्या की बायका आपापले मोबाईल लपवायच्या. कुणी तांदळाच्या डब्यात, कुणी उशीखाली. शेजारच्या सावंतकाकी तर सरळ पोलक्यात टाकायच्या आणि वर पदर घ्यायच्या.

बबन चहा मागायचा नाही, उसनंपासनं मागायचा नाही. दारात उभा राहून एवढंच विचारायचा, "आक्का, तुमचे आजचे दोन शिल्लक आहेत का?"

दोन म्हणजे काय ते सांगते. इंटरनेटवर एक जागा आहे. तिथे सुट्या पानांचे फोटो टाकले की ती जोडून एक फाईल करून देतात. एका मोबाईलवर दिवसातून दोनदा फुकट, तिसऱ्यांदा पैसे. बबनचे स्वतःचे दोन सकाळी चहाबरोबरच संपायचे. मग तो आमच्या दोनांवर यायचा.

मी म्हटलं, "अरे, भर की पैसे एकदाचे. पेन्शन काय पुरून ठेवायचीय?"

"एकदा कार्डाचा नंबर दिला आक्का, की दर महिन्याला आपोआप कापत बसतात. आपण मेलो तरी कापतात."

"आणि हिंदमाताजवळचा झेरॉक्सवाला?"

"तो पानामागे घेतो. वर मशीनमध्ये घालून कागद फाडतो. जुना कागद आहे, त्याला हाताने धरावं लागतं."

बबनला हे वेड हापिसातून लागलं. गिरणी बंद पडल्यावर तो लोअर परळला एका हापिसात शिपाई होता. तिथे त्याने वर्षानुवर्षं एका टेबलावरचे कागद दुसऱ्या टेबलावर नेले, आणि वाटेत एखादा कागद सुटला की काय गोंधळ होतो ते पाहिलं. तेव्हापासून त्याचं एकच पालुपद, "सुटं ठेवू नका. एकच फाईल करा." त्याच्या स्वतःच्या घरचं सगळं एकाच फायलीत आहे. रेशनकार्ड, लाईटबिल, दातांचा कागद, सगळं. एकदा डॉक्टरांनी छातीचा रिपोर्ट मागितला, तर याने मोबाईल पुढे केला. डॉक्टर बोटाने पानं सरकवून दमले. म्हणाले, "काका, गॅसच्या बिलानंतर आहे का?"

"नाही साहेब. भाचीच्या लग्नपत्रिकेनंतर."

पानाचा फोटो काढायची त्याची तऱ्हा तर बघण्यासारखी. गॅलरीत उलटी बादली, बादलीवर पोळपाट, पोळपाटावर कागद. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने कागदाचा कोपरा दाबलेला. डोक्याची सावली पडू नये म्हणून मान वाकडी. बाजूने जाणाऱ्याने श्वास घ्यायचा नाही, वारा लागतो. म्हणून बबनने काढलेल्या प्रत्येक पानावर खाली डाव्या कोपऱ्यात त्याचा अंगठा असतो. गिरणीत चेचलेलं काळं नख, त्यामुळे ओळखायला सोपा.

हे सगळं आम्ही हसण्यावारी न्यायचो. मग चाळ पाडायची ठरली, खोल्या रिकाम्या करायची नोटीस लागली, आणि आमचं हसू जरा आटलं.

आमचं बायकांचं गायन मंडळ आहे. जयंती असो, बारसं असो, लग्न असो, भोईवाड्यात आमच्याशिवाय उभं राहत नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, कुणालाही विचारा. आमच्या मंडळाची रीत अशी की जी गाणं उचलते, ते गाणं तिच्याच घरी, तिच्याच अक्षरात. बाकीच्या फक्त कोरस. सगळ्यांची मिळून एक वही कधी केलीच नाही. गरज काय होती, सगळ्या एकाच गॅलरीत राहत होतो. कुणाचं गाणं कॅलेंडरच्या पाठीवर, कुणाचं लग्नपत्रिकेच्या पाकिटावर. आता शेवंता बदलापूरला लेकाकडे जाणार, मी नातीकडे, बाकीच्या कुठे कुठे. बाई गेली की गाणं गेलं.

कुणी काही बोलायच्या आत बबन पोळपाट घेऊन गॅलरीत बसला होता.

गंमत अशी, की बबनला मंडळात कधी कुणी गाऊ दिलं नाही. त्याचा आवाज म्हणजे न उघडणारी खिडकी. तो ढोलकी उचलायचा, पोरं हाकलायचा, शेवटी सतरंज्या गुंडाळायचा. त्याची बायको सुमन झांज वाजवायची. एकही गाणं तिने उचललं नाही, पण तिची झांज एकदा सुरू झाली की चुकायची कुणाची टाप नव्हती. नोटीस लागायच्या आदल्या वर्षी सुमन गेली.

तर बबन घरोघर फिरून पानं गोळा करायला लागला. दोन-दोन करून जोडायला लागला. सावंतकाकी आमच्या मंडळातल्या नाहीत, कोकणातल्या, पण त्यांचा मोबाईल नवा, म्हणून तो त्यांच्याकडे सारखा.

"मेल्या, परत इलंस? माझो मोबाईल काय सार्वजनिक नळ आसा?"

"काकी, शेवटचं. फक्त दोन."

"कालय शेवटचाच होता."

तिथेच घोटाळा झाला. काकींच्या मोबाईलमध्ये त्यांच्या बहिणीने पाठवलेला हाती लिहिलेला कागद होता, बांगड्याचं तिखलं कसं करायचं त्याचा. बबनने गाण्यांबरोबर तोही उचलला. तालमीला शेवंता जाड चष्म्यातून मोबाईल बघत गात होती. पान सरकलं आणि तिने त्याच चालीत म्हटलं, "दहा मिरच्या, मूठभर खोबरं..." आम्ही कोरसवाल्या. पुढची म्हणेल ते उचलायचं, एवढंच आम्हाला कळतं. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवत उचललं, "मूठभर खोबरं, हो, मूठभर खोबरं." तिरफळापर्यंत गेलो तेव्हा कुठे ढोलकीवाली थांबली.

"चाल बसली पण," शेवंता म्हणाली. बबनने तो कागद मात्र त्याच दिवशी बाहेर काढला.

खोल्या सोडायला थोडे दिवस उरले, सगळे तुकडे जोडायची वेळ आली, आणि बबन तोंड पाडून माझ्या दारात बसला. एका फायलीत पन्नास पानांपर्यंतच फुकट. आमची एक्कावन्न झाली होती.

"दोन फायली कर," मी म्हटलं.

"दोन झाल्या की एक हरवते, आक्का. एकच पाहिजे."

मी चष्मा लावला आणि त्याच्या मोबाईलवर एकेक पान बघत गेले. पहिलं पान त्याने स्वतः रंगीत पेनाने केलं होतं. भोवती फुलांची वेल, मध्ये मंडळाचं नाव आणि खाली, 'जमवणार व जोडणार : बबन'. ते पान त्याने गॅलरीभर दाखवलं होतं, पोस्टमनलासुद्धा. मग गाणी. माझ्या गाण्यानंतर एक पान आलं, ते नुसतं पांढरं.

"हे काय? कोरं आहे की. काढ हे, झाली पन्नास."

"राहू दे, आक्का."

"अरे, फुकट जागा खातंय."

"राहू दे." मग माझ्या हातातून मोबाईल घेऊन त्याने पहिलंच पान खोडलं. वेल, फुलं, नाव, सगळं. "हे नको. कुणी जोडलं ते कशाला पाहिजे लोकांना." आणि नळाला पाणी आलं म्हणून कळशी घेऊन गेला. मोबाईल माझ्याकडेच राहिला.

मी ते कोरं पान परत उघडलं. फोटो चुकून निघाला असता तर त्यात नुसता पोळपाट दिसला असता, नाहीतर छत. खाली डाव्या कोपऱ्यात काळ्या नखाचा अंगठा होता. म्हणजे त्याने कोरा कागद नीट ठेवला होता, नीट धरला होता, मान वाकडी केली होती.

मागे माझं गाणं, पुढे शेवंताचं. मग लक्षात आलं. पानं त्याने आम्ही सतरंजीवर बसायचो त्याच ओळीने लावली होती. मी आणि शेवंता, दोघींच्या मध्ये सुमन बसायची. सुमनला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिचं पान कुठून आणणार?

मी बबनला काही बोलले नाही. असलं बोलून दाखवलं की माणूस रडतो आणि चहा गार होतो.

माझं गाणं दोन पानांचं होतं. मी चौथीपर्यंत शिकले, माझं अक्षर भाकरीएवढं. तेच गाणं मी बसून एका कागदावर बारीक लिहून काढलं. दुपार गेली, ओळी जिन्यासारख्या उतरल्या, पण बसलं. बबनला हाक मारली.

"माझी दोन काढ, हे एक टाक. आणि तुझं पहिलं पान परत लाव."

त्याने कागद उजेडात धरला. "एवढं बारीक तुम्हाला दिसेल का, आक्का?"

"माझं गाणं मला पाठ आहे. तू तुझं बघ. आणि अंगठा जरा लांब धर."

"अंगठ्याशिवाय पान उडतं."

"मग असू दे."

त्या दिवशी सगळ्यांचे दोन-दोन संपले होते. सावंतकाकींनी स्वतः येऊन मोबाईल त्याच्या पोळपाटावर ठेवला. "घे, मेल्या. माझे दोनय आसत."

आता आम्ही चार दिशांना राहतो, पण कुणाकडे बारसं निघालं की सगळ्या जमतो. फाईल प्रत्येकीच्या मोबाईलमध्ये आहे, आणि कुणी विचारलं तर मी पहिलं पान आधी दाखवते, वेलीसकट. बबन ढोलकी उचलून आणतो आणि भिंतीला टेकून बसतो.

माझं गाणं संपलं की ते कोरं पान येतं. पहिल्या वेळी शेवंताने विचारलं, "अगं, हे उमटलं नाही वाटतं?"

"उमटलंय," मी म्हटलं. "पाणी पी."

तेव्हापासून तिथे कुणी घाईने बोट सरकवत नाही. पाण्याचा तांब्या एकीकडून दुसरीकडे फिरतो, सगळ्या दोन घोट घेतात, मग शेवंता उचलते. घशाला बरं पडतं.