एका बोटाचा दिवा

आमचे गंगाधरमामा समोरच्याला उत्तर देण्याची तकलीफ कधीच देत नसत. "आज ऊन लई हाय. बराबर? बराबर." एवढं बोलून ते सुपारी कातरायला लागत. समोरच्याने बोलण्यासाठी तोंड उघडलेलं असे. ते त्याने जांभई देऊन मिटून घ्यावं, अशी पद्धत होती.

हिंगोलीकडच्या पुसेगावात ते सगळ्यांचेच मामा. सख्खा भाचा मी एकटा. त्यामुळे प्रेम गावात वाटलं जाई आणि शिव्या मात्र माझ्या एकट्याच्या वाट्याला येत. मॅट्रिकच्या परीक्षेने मला दुसऱ्यांदा परत पाठवलं, तेव्हा आईने "मामाच्या हाताखाली काहीतरी शिकेल" म्हणून मला तिकडे धाडलं. मामांकडे शिकण्यासारखी एकच गोष्ट होती. ती म्हणजे इंजिन.

जवळा बाजारच्या आठवडी बाजारात तंबू ठोकून सिनेमा दाखवणाऱ्या कुणाचा तरी धंदा बुडाला. तंबू कापूस झाकायला गेला आणि वीज करणारं छोटं इंजिन मामांनी बैलगाडीत घालून घरी आणलं. आधीच म्हातारं, त्यात खोकल्याचं. त्यावर एक दिवा ओसरीत, एक दारावर आणि एक गोठ्यात लागे. मामी जाऊन बरीच वर्षं झाली होती, लेकरूबाळ नव्हतं. म्हणजे एवढ्या उजेडात पाहण्यासारखे मामा आणि बैल एवढेच उरले होते. त्यातल्या त्यात बैल देखणे होते.

इंजिन चालू करणं हा रोजचा सोहळा. दिवेलागणीला मामा ओट्यावर उभे राहून "हांडल!" अशी आरोळी ठोकत. मग शेतावरून परतलेली माणसं बैल बांधून तशीच येत. शेजारचा दगडू लोखंडी हांडल इंजिनात घालून गरागरा फिरवी. तो दमला की गावचे लोहार इस्माईलभाई फिरवत. मी झडपेचा खटका उचलून धरी आणि मामा ओरडत. यातलं अवघड काम कोणतं, असं विचारलं तर मामा म्हणत, ओरडण्याचं. इंजिन दोन-चारदा शिंके, एखाद्याचं मनगट झटकून टाके आणि मग एकदम धडधडायला लागे. दिवे लागत, मंडळी ओसरीत बसत. मग चहा, सुपारी आणि रॉकेल संपेपर्यंत भांडणं.

"ह्यांच्या उपकाराखाली दबून मरून राहिलो मी," लोक गेल्यावर मामा म्हणत. "रोज च्या पाजा, रोज ह्यांची बडबड ऐका. आपन कुनाचे मिंधे न्हाई. बराबर? बराबर."

एकदा दगडू सासुरवाडीला कनेरगाव नाक्याला गेला आणि नेमके इस्माईलभाई तापाने पडले. मी पुढे होऊन हांडल मारलं. नंतर हांडलने मला मारलं. हिशेब तिथेच मिटला आणि घर अंधारात राहिलं.

दुसऱ्या दिवशी दगडू ओसरीत येऊन म्हणाला, "काहून मामा, काल अमोशा होती काय तुमच्या घरी? आमच्याबिगर तुमचं इंजिन म्हंजे नुसतं जातं."

सगळे हसले. मामा नुसती सुपारी कातरत राहिले. साधं "बराबर"सुद्धा नाही. तेव्हाच मला भीती वाटली.

दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. हिंगोलीत एका भंगारवाल्याकडे मिलिटरीची मोडकी लॉरी पडली होती, आणि ती म्हणे पूर्वी बटण दाबलं की चालू व्हायची. मामांनी तिची बॅटरी काढून आणली, स्टार्टर म्हणतात ती छोटी मोटर आणली आणि ज्याच्या दातांना दात लावून ती इंजिन फिरवते ते लोखंडी कडंही आणलं. "एका बोटात दिवा लावतो," ते गावभर सांगत सुटले. "मंग बगतो, कोन कुनावाचून अंधारात बसतं ते."

इंजिनचं जाड चाक हिंगोलीच्या कापसाच्या जिनात घासून मापात आणलं. त्यावर कडं बसवायचं होतं. इस्माईलभाईंनी ते हातात फिरवून पाहिलं आणि मोठ्याने हसले. "अरे, ये तो गाडीच्या चाकाची धाव हाय, मामा! ह्यात काय अवघड?"

जन्मभर त्यांनी तेच केलं होतं. गोवऱ्यांच्या आरात धाव तापवायची, फुलली की लाकडी चाकावर चढवायची, वरून पाणी ओतायचं. गार होता होता ती आवळून बसते. कडंही तसंच चढवलं. पाणी ओतायला सगळं गाव जमलं होतं. ज्याला बादली मिळाली नाही त्याने सल्ला ओतला.

पण धावेला उलटंसुलटं काही नसतं, कड्याला असतं. त्याच्या दातांची एक बाजू तासलेली असते आणि स्टार्टरचे दात तिकडूनच आत शिरतात. आम्ही नेमकी तीच बाजू आत घातली होती.

मामांनी बटणाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, बोट टेकवलं. त्याबरोबर अशी काही किंकाळी निघाली, की गोठ्यातले बैल दावी तोडून थेट दगडूच्या ज्वारीत शिरले.

"मामा," दगडू शांतपणे म्हणाला, "इंजिन न्हाई, पर बैल एका बोटात चालू झाले बगा."

कडं पुन्हा तापवलं, काढलं, फिरवून बसवलं. या खेपेला नारळ नव्हता. मामांनी इकडेतिकडे बघत चोरासारखं बटण दाबलं. घर्रर्र झालं आणि इंजिन धडधडायला लागलं. मामांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "हांडल घिऊन जा रे कोनीतरी. खुरपी करा त्याची. बराबर? बराबर."

दोन-चार दिवस लोक बटण बघायला आले. मग बटण बघून झालं. आरोळीच येत नाही तर जायचं कशाला? मी दगडूला विचारलं तर तो म्हणाला, "येऊन काय करू? मामाला आता कोनाची गरज न्हाई म्हनं."

ओसरी दिव्याने लखलखत होती. चहाचं मोठं पातेलं रोजच्यासारखंच चुलीवर चढे. आम्ही दोघं ते संपवू शकत नसू. मामा ढीगभर सुपारी कातरत आणि मधेच अडकित्ता थांबवत.

"कोनी येऊन राहिलं काय रे?"

"न्हाई मामा."

"बरं झालं. कटकट गेली. बराबर?"

आणि ते थांबले. उत्तर बहुधा मी द्यायचं होतं, पण मला सवय नव्हती.

मग एका दिवेलागणीला ओट्यावरून आरोळी आली. इतक्या आनंदाने कुणी वाईट बातमी दिलेली मी ऐकली नव्हती. "दगड्या! इस्माईलभाई! धावा रे, बटन बिघडलं!"

सगळे आले. टोमणे मारत, पण धावत आले. हांडलची खुरपी झालीच नव्हती. ते तेल लावून खुंटीला टांगलेलं होतं. दगडूने मनगटं चोळली. "काय मामा? एका बोटाला काय लकवा झाला?" मामांनी त्याला मनमुराद शिव्या दिल्या.

तो हांडल मारत असताना इस्माईलभाईंनी बॅटरीचं झाकण उचललं. मीही वाकून पाहिलं. तार तुटली नव्हती, जळलीही नव्हती. ती सोडवून, तिचं तोंड गंजू नये म्हणून धोतराच्या धुतलेल्या चिंधीत गुंडाळून, नीट बाजूला खोचून ठेवली होती. इस्माईलभाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि झाकण हळूच परत ठेवलं.

"मामा, मोठं काम हाय," ते ओरडून म्हणाले. "हैदराबादेहून सामान मागवावं लागंल."

"किती दिवस?"

"साल लागंल. दोन बी लागतील."

"आपल्याला घाई न्हाई," मामा म्हणाले. "सामान चांगलं आलं पायजे. बराबर?"

इंजिन धडधडलं, ओसरीत दिवा लागला. दगडूने हांडल काढून कपाळाचा घाम पुसला. "बराबर, मामा," तो म्हणाला.

मामांनी उत्तर देण्यासाठी तोंड उघडलेलंच होतं. त्यांनी त्यात सुपारी टाकली आणि मिटून घेतलं.