चवड्या काचेचे किसनभाऊ

किसनभाऊंच्या फोटोच्या दुकानावरची पाटी दहा फूट लांब होती आणि तिच्यावरचं नाव काडेपेटीएवढं. ती पाटी मीच रंगवली, म्हणून खात्रीने सांगतो. मी तेव्हा वाशीमच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर म्हणून नुकताच लागलो होतो. खडूने पाटीभर चांगली ठसठशीत अक्षरं आखून घेतली, तर किसनभाऊ शिडीखालून ओरडले, "मास्तर, हे काय करून राह्यले? सारी पाटी भरून टाकली! तिले श्वास कुठून घेता येईन?"

शेवटी नाव गेलं खालच्या उजव्या कोपऱ्यात. बाकी सगळी पाटी पांढरीफेक. पुढे वर्षभर बाजाराच्या दिवशी कोणी ना कोणी दुकानात डोकावून विचारायचं, "ही जागा भाड्यानं द्याची हाय का जी?"

इतर फोटोवाले गिऱ्हाइकाला 'जरा पुढे या' म्हणतात. किसनभाऊ म्हणायचे, "मांगं सरा." माणूस मागे सरकला की, "अजून मांगं." एका वकिलांना गावच्या निवडणुकीसाठी फोटो हवा होता. दुकानात जागा पुरेना म्हणून किसनभाऊंनी त्यांना रस्त्यावर उभं केलं. मांगं सरा, अजून मांगं, असं करत वकीलसाहेब कोटटोपीसकट मागच्या नालीत बसले. त्यांचा आवाज ऐकून किसनभाऊंनी काळ्या फडक्यातून डोकं बाहेर काढलं आणि म्हणाले, "हां, आता जमलं. पन तुमी बसले काहून?"

एका मुलीचा फोटो लग्नाच्या स्थळांना पाठवायला काढला, त्यात तिच्या बापाचं कपाशीचं अख्खं वावर आलं, विहीर आली, दोन बैल आले. मुलगी ज्वारीच्या दाण्याएवढी. बाप भांडायला आला, तर यांनी त्याला भिंग दिलं. गंमत अशी, की त्या फोटोवर मुलीचं लग्न जमलं. वराकडच्यांना विहीर आवडली म्हणे.

या सगळ्याचं मूळ होती त्यांची 'चवडी काच'. अकोल्याहून कुठल्याशा जुन्या सामानातून त्यांनी ते रुंद दृश्य टिपणारं भिंग आणलं होतं. ते लावलं की कॅमेऱ्यासमोरचं जग दोन्ही बाजूंनी पसरायचं. शाळेच्या ग्रुप फोटोला त्यांच्यासारखा माणूस नाही. साडेतीनशे पोरं, शाळा, कडुनिंब, वर आभाळ, आणि एका वर्षी कडेला उभं असलेलं गाढवसुद्धा. हेडमास्तर त्या गाढवावरून महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

पण ही सगळी पोटाची कामं. त्यांचा जीव होता नदीत.

अडाण, अरुणावती, काटेपूर्णा, पैनगंगा. भागातल्या साऱ्या नद्यांचे फोटो त्यांनी काढले होते. सायकलच्या मागे कॅमेऱ्याचं तिकाटणं बांधायचं, काचेच्या प्लेटांची पेटी गळ्यात, आणि निघायचं. त्या फोटोंत माणूस नसायचा, देऊळ नसायचं, नाव नसायची. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत फक्त पाणी, वाळू, खडक.

मी रविवारी त्यांच्याकडे रीटचिंगचं काम करत असे. म्हणजे काचेच्या निगेटिव्हला खालून उजेड घ्यायचा आणि माणसांचे मुरूम, देवीचे वण, धुळीचे डाग पेन्सिलीने किंवा पात्याने काढून टाकायचे. त्याशिवाय मी फोटो रंगवतही असे. नवऱ्या मुलीचे ओठ लाल, शालू हिरवा. एकदा हौसेने मी त्यांच्या अडाण नदीच्या फोटोला निळा रंग दिला. त्यांनी तो फोटो हातात घेतला आणि माझ्याकडे बघत राहिले.

"पानी कधी पाह्यलं का, मास्तर?"

"का? निळं नसतं?"

"चैतात पांढरं असते, आषाढात काळं. मंधातले सारे महिने राखेसारखं. निळं म्या तं अजून पाह्यलं नाही बाप्पा."

मी हसलो. गावात सगळेच हसायचे, आणि त्यांच्या नकला करण्यात मी पहिला होतो. शिक्षकांच्या खोलीत मी 'अजून मांगं' म्हणून दाखवलं की चहा बाजूला ठेवून माणसं लोळायची. आज ते आठवलं की जीव बारीक होतो.

एका दिवाळीच्या आठवड्यात ते मला पैनगंगेवर घेऊन गेले. दर वर्षी त्या आठवड्यात ते तिथेच जायचे. "पानी निवळते तवा," असं कारण सांगायचे. पैनगंगा म्हणजे आमच्या वऱ्हाडाची शीव. पलीकडचा मुलूख पूर्वी निजामाचा. तो सुटून काही वर्षं झाली होती, तरी लोक त्याला मोगलाईच म्हणत.

सकाळी आठला त्यांनी कॅमेरा उभा केला. सुरेख कोवळं ऊन पाण्यावर पडलं होतं.

मी म्हणालो, "घ्या ना फोटो."

"उजेड नाही आला अजून."

नऊ वाजले. ऊन मानेवर चटका देऊ लागलं. "आता?"

"नाही आला."

दहा वाजता मी वैतागून बाभळीखाली जाऊन बसलो आणि भाकरीचं फडकं सोडलं. पहिला घास तोंडात घातला, तेवढ्यात त्यांनी फोटो घ्यायला कॅमेऱ्याचा रबरी फुगा दाबल्याचा आवाज झाला. एकच प्लेट. मी वळून पाहिलं तर ते कॅमेऱ्याशेजारी नुसते उभे होते, पलीकडे बघत. बराच वेळ. मग येऊन माझ्याशेजारी बसले आणि चार भाकरी खाल्ल्या. परतताना सायकलवर गाणं म्हणत होते. मला वाटलं, चांगल्या फोटोचा आनंद असेल.

प्लेट धुतल्यावर काचेवरच कळलं, फोटो खरंच चांगला होता. इतका, की नागपूरला फोटोंचं एक प्रदर्शन भरणार असल्याचं मी वाचलं आणि त्यांच्या मागे लागलो. "पाठवा. वाशीमचं नाव होईल."

"नदीले कायले पाठवता नागपूरले? तिले तिची वाट ठाऊक हाय."

पण मी हटलो नाही. शेवटी ते हो म्हणाले, माझं मन राखायला. कागदावर पहिलीच मोठी प्रत काढायच्या आधी निगेटिव्ह एकदा स्वच्छ करावं म्हणून मी रविवारी दुपारी ते पुढ्यात घेतलं. किसनभाऊ अकोल्याला गेले होते. निगेटिव्हवर सगळं उलटं दिसतं, काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं. पलीकडच्या काठावर, खडकांच्या जागी, मला एक काळा बारीक ठिपका दिसला. तिळाएवढाही नाही. धुळीचा कण बसला असावा. मी नवं पातं घेतलं आणि श्वास रोखून तो ठिपका इतका सफाईने खरवडला, की आसपासच्या खडकाला ओरखडा गेला नाही. माझ्या हाताचं मलाच कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी लाल दिव्याच्या उजेडात त्यांनी प्रत काढली. मी शेजारी होतो. तबकातल्या पाण्यात कागदावर हळूहळू नदी उमटली. आधी अलीकडची वाळू, मग प्रवाह, मग पलीकडचे खडक. किसनभाऊ वाकले. आणखी वाकले. मग भिंग घेतलं.

"इथं एक ठिपका होता."

"होता ना," मी उत्साहाने म्हणालो. "धूळ होती. काल काढून टाकली."

त्यांनी फोटो एका तबकातून दुसऱ्यात घातला, नेहमीइतकाच वेळ धुतला, दोरीला चिमट्याने लावला. हात पुसले. मग म्हणाले, "साफ काढला, मास्तर. हात चांगला हाय तुमचा."

त्यांचा आवाज ऐकून मला पहिल्यांदा कळलं, की काहीतरी चुकलंय. मी विचारलं. ते स्टुलावर बसले.

"थे माही बहीन होती," ते म्हणाले. "सरूबाई."

सरूबाई त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा हिनेच यांना वाढवलं. तिला दिलं नदीपलीकडच्या गावी. तिच्या मुलाच्या बारशाला किसनभाऊ कॅमेरा घेऊन गेले. पंगतीत तिचे यजमान चारचौघांत म्हणाले, लोकांची तोंडं पाहून पोट भरणारा हा माझा साळा. किसनभाऊ ताटावरून उठले. तेव्हा ते पंचविशीत होते.

"म्या म्हनलं, आजपासून या घरातल्या कोनाचंच तोंड पाह्यनार नाही. अन् निंघालो." ते थांबले. "त्या घरात थे बी हाय, हे ध्यानातच नाही आलं, मास्तर. नदी उतरल्यावर आलं."

"मग परत जायचं होतं."

"बोलून बसलो होतो ना. जवाई बी तसेच. तिचं माहेर बंद करून टाकलं."

पुढच्या वर्षी डोंगेवाल्याच्या हाती तिचा निरोप आला. दिवाळीच्या आठवड्यात मी धुणं घेऊन घाटावर येईन, तू पलीकडे ये. तेव्हापासून हे चाललं होतं. ती खडकावर उभी राहून हात वर करायची, हे फुगा दाबायचे. मग ती धुणं उचलून वर जायची. अशा बारा दिवाळ्या.

"पण जवळून दिसेल असं भिंग लावायचं की," मी म्हणालो. "निदान चेहरा तरी आला असता."

"तोंड पाह्यनार नाही म्हनलं होतं," ते म्हणाले. "चवड्या काचेत तोंड दिसत नाही."

मी म्हणालो, "किसनभाऊ, आता पलीकडे जाऊन या. मी येतो बरोबर."

"जाऊ. येत्या दिवाळीले जाऊ."

तेव्हा मी 'उद्याच चला' म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही. शाळेच्या परीक्षा जवळ आल्या होत्या, आणि दिवाळी काही पळून जात नव्हती. नागपूरला त्यांनी तो फोटो पाठवला नाही, आणि मीही पुन्हा विषय काढला नाही.

श्रावणात निरोप आला. सरूबाई तापाने गेली. निरोपामागोमाग नदीला पूर आला, आठ दिवस डोंगा सुटला नाही. तेरवीच्या दिवशी पाणी उतरलं आणि आम्ही दोघं पलीकडे गेलो. किसनभाऊंनी छातीशी एक पिशवी धरली होती. सगळी नदी पार होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

मेहुणे ओसरीवर बसले होते. मी मनात एखादा दांडगा, मिशाळ माणूस धरला होता. प्रत्यक्षात दात पडलेला, हाडकुळा म्हातारा निघाला. त्याने किसनभाऊंकडे पाहिलं आणि बसल्या जागी थोडं सरकून घोंगडीवर जागा केली. किसनभाऊ बसले. दोघंही अंगणाकडे बघत राहिले. पंगती उठल्या, माणसं पांगली, तेव्हा म्हातारा बोलला.

"किसन, तिचा एक बी फोटो नाही घरात. पोरं इचारते. तुयाजवळ असन ना? तू फोटोवाला."

किसनभाऊंनी पिशवीतून फोटो काढले. घोंगडीवर एकाशेजारी एक मांडले. सगळ्यांत तीच नदी, तेच खडक. म्हाताऱ्याने एक उचलला, डोळ्यांशी धरला.

"कुठी हाय?"

किसनभाऊंनी भिंग दिलं आणि करंगळीचं नख खडकावर टेकवलं. म्हातारा वाकला. किती वेळ तसाच वाकून होता. चेहरा दिसत नाही अशी तक्रार तो आता करणार, म्हणून मी अंग चोरून बसलो होतो.

"तीच हाय," तो म्हणाला. "डावा हात कमरेवर ठिवून उभी राहे. तीच."

मग एकेक फोटो उचलत, भिंगाखाली धरत तो पुढे गेला, आणि फोटोतून नजर न काढता बोलला, "मीच सांगत होतो तिले. आज पानी निवळलं असन, धुनं घेऊन जाय म्हनून. मी वरून, चिंचेखालून पाहो. तू दिसे तिकाटन्यापाशी."

किसनभाऊ त्याच्याकडे वळले. "मंग हाक काहून नाही मारली?"

"तू काहून नाही मारली?"

आतून कोणीतरी पाणी आणून ठेवलं. किसनभाऊ तांब्या उचलून घटाघटा प्यायले.

म्हाताऱ्याने फोटो पुन्हा ओळीने लावले आणि बोट ठेवत मोजले. अकरा. "मांगच्या दिवाळीचा कुठी हाय?" तो म्हणाला. "मांगच्या साली तिनं नवं लुगडं नेसलं होतं. मोतिया रंगाचं. म्याच घेऊन देल्लं होतं. म्हनलं, दुरून दिसन तरी."

माझे कान तापले. मी सांगायला तोंड उघडलं. काय सांगणार होतो, देव जाणे. किसनभाऊंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबला.

"त्याची काच फुटली," ते म्हणाले. "माह्याच हातून फुटली."