नाव कमी करण्याचा अर्ज

आमच्या मानखुर्दच्या कॉलेजात प्रवेश पाच मिनिटांत मिळायचा, पण नाव कमी करून घ्यायचं तर महिना जायचा. कारण एकच, हेडक्लार्क जाधवबाई.

हे कॉलेज वस्तीतल्याच माणसांनी काढलेलं. सुरुवातीला पालिकेच्या शाळेतल्या दोन खोल्या, तेही सकाळी मुलांची शाळा भरायच्या आत. बाई तेव्हा शिपाई म्हणून लागल्या. झाडू, घंटा, टपाल असं करत करत हेडक्लार्कच्या खुर्चीपर्यंत पोचल्या. आता चार मजली इमारत झाली, तरी कोणी कॉलेज सोडतंय म्हटलं की बाईंना घरातलं माणूस रुसून निघाल्यासारखं वाटे.

मग त्या अर्जात लाल पेनाने चुका काढत. समास सोडला नाही, परत. वेलांटी चुकली, परत. म्हणायच्या, "‘विनंती’ लिहिता येत नाही आणि निघालास कॉलेज सोडायला?" एका रिक्षावाल्याने आठ वेळा अर्ज लिहिला. त्या नादात त्याचं मराठी इतकं सुधारलं की वार्षिक परीक्षेत तो मराठीत वर्गात पहिला आला. कॉलेज सोडायचं राहूनच गेलं.

मी चौतिसाव्या वर्षी प्रथम वर्षाला बसले. दिवाळीनंतर सासूबाईंना अर्धांगवायू झाला आणि मीही अर्ज घेऊन गेले. कारण लिहिलं होतं, घरगुती अडचण.

"घरगुती म्हणजे काय गं? सासू, नवरा, की मोरी तुंबली?" बाईंनी कागद परत सरकवला.

मी रागाने तिथेच लिहिलं, सासूबाईंना सकाळी अंघोळ घालायला, भरवायला दुसरं कोणी नाही. अक्षर वेडंवाकडं आलं, पण बाईंनी या वेळी एकही चूक काढली नाही. दुपारी घरी कोण असतं, एवढंच विचारलं. नवरा पहिली पाळी करून दोनला येतो, म्हटलं.

"मग दुपारच्या वर्गाला ये. तसा अर्ज लिही. आणि समास सोड."

आज मी बालवाडीत शिकवते, ते त्या कागदामुळे.

बी.ए. झाले तेव्हा पेढे घेऊन गेले. ऑफिसात आम्ही दोघीच होतो. धीर करून विचारलं, बाई, लोकांना एवढं छळता कशाला?

त्यांनी फाइल मिटली. मीही एकदा कॉलेजला होते, म्हणाल्या. वडील वारले तेव्हा मीही नाव कमी करायचा अर्ज घेऊन गेले. तिथला क्लार्क भला माणूस, दोन मिनिटांत शिक्का मारून दिला.

"तरी मी दारात उभी होते, बराच वेळ."

"कशाला?"

"कोणीतरी थांब म्हणेल असं वाटलं."

मी पेढा त्यांच्या हातावर ठेवला आणि समोरच्या बाकावर बसले. घरी जायची घाई होती, पण बसले.