बिनशेपट्याचा शेवटचा तुंबा

एका जंगलात भांडण चाललं होतं. आपण जरा उशिरा पोचलो बाळांनो, त्यामुळे सुरुवात हुकली. काही बिघडलं नाही. भांडणाची सुरुवात कुणालाच आठवत नसते, भांडणाऱ्यांना तर मुळीच नाही.

"ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे," पिंगळेशास्त्री म्हणत होते. हे घुबड. जंगलाच्या ग्रंथालयाचे प्रमुख. ग्रंथालय उंबराच्या ढोलीत होतं आणि शास्त्री ढोलीच्या तोंडाशी बसत. डोळे मोठे, मान सगळीकडे फिरणारी, बोलणं कमी. जंगलात एवढ्यावर विद्वान होता येतं.

"मग वाचणं म्हणजे काय, तेवढं सांगा," कोंडाबाई म्हणाली. कोंडाबाई म्हणजे म्हातारी साळिंदर. अंगभर काटे, आणि या क्षणी सगळे उभे.

"डोळ्यांनी, पानावर, एकाग्र चित्तानं. तुम्ही काय करता? कान लावता आणि कंद उकरता. ही विद्येची विटंबना आहे. शेवटचा तुंबा तुम्हाला मिळणार नाही."

आता तुंबा म्हणजे काय ते सांगते. बकुळा मैना वाळक्या पोकळ भोपळ्याच्या तोंडाशी बसून पोथी मोठ्यानं वाचायची. वाचून झालं की वर मेणाचं बूच. बूच काढून कान लावला की मैनेचा आवाज जसाच्या तसा. असं कसं होतं ते विचारू नका. घरातल्या डबीतून आवाज येतो, तेव्हा कुठं विचारता?

आणि गोष्टी तरी कसल्या. बिनशेपट्या हेराच्या. याला शेपूट नाही, अंगावर धड केस नाहीत, मागच्या दोन पायांवर चालतो आणि थंडीत दुसऱ्याची कातडी पांघरतो. माणूस म्हणतात म्हणे त्या प्राण्याला. जंगलात कुणी तो पाहिलेला नव्हता. हा बिनशेपट्या पुरावा शोधायचा, खरा गुन्हेगार धरायचा, आणि राजा त्या खऱ्या गुन्हेगारालाच शिक्षा करायचा. म्हणून तर ती अद्भुतकथा.

या खेपेला राणीची सावली चोरीला गेली होती. मागचा तुंबा ऐन रंगात संपला. बिनशेपट्यानं सगळ्यांना दरबारात गोळा केलं, बोट उचललं, आणि आवाज बंद. तेव्हापासून कोंडाबाईला कंद गोड लागत नव्हता. तिचा संशय राणीच्या आचाऱ्यावर. भर उन्हाळ्यात चुलीशी उभा राहूनही ज्याला घाम येत नाही, त्यानं कुणाची तरी जादा सावली पांघरलेली असणारच.

खरं काय ते शास्त्र्यांच्या पंजाखालच्या तुंब्यात होतं.

"शास्त्री, मला कुणी शाळेत घातलं नव्हतं," कोंडाबाई म्हणाली. "झाडाच्या सालीवर ओरखडे काढत अक्षरं शिकले. तुमच्या ढोलीतल्या निम्म्या पोथ्या मी वाचल्या तेव्हा तुम्ही अंड्यात होतात. आता डोळे दमले, कान दमले नाहीत. तुमच्या आईनं निजवताना गोष्टी सांगितल्या असतील, त्या काय डोळ्यांनी ऐकल्यात?"

माकडं खिदळली. ती फांदीवर भांडणं बघायलाच बसलेली असतात.

"विषयांतर," शास्त्री म्हणाले. हा शब्द विद्वानांच्या फार कामाचा. "वाचणाऱ्याला जे कळतं ते ऐकणाऱ्याला कळत नाही. मागचाच भाग घ्या. मी तो पोथीतून पान न् पान वाचलाय. बिनशेपट्या राणीची पेटी उघडतो. आत अंधार. आणि नेमक्या त्या क्षणी लेखक काय घालतो? एक शिंक. कोण शिंकलं ते सांगतच नाही. शिंक म्हणजे अपशकुन. शिंक म्हणजे सत्तेला झालेली सर्दी. अख्ख्या कथेचं मर्म त्या शिंकेत आहे. तुमच्या कानांवरून ती वाऱ्यासारखी गेली असणार."

माकडं गप्प झाली. कुणीतरी "वा" म्हणालं.

कोंडाबाईचे काटे हळूहळू खाली बसले. माकडांना वाटलं, म्हातारी हरली. बोट उचलण्याआधी बिनशेपट्याही असाच शांत व्हायचा, हे त्यांना काय ठाऊक.

"बकुळे, ती शिंक कुणाची गं?"

वरच्या फांदीवरल्या मैनेनं पंखात चोच खुपसली. "माझी, आजी. गार पाण्यात अंघोळ केली होती. वाचता वाचता आली ती सरळ तुंब्यात गेली. आत गेलेली बाहेर कशी काढणार?"

"पोथीत आहे?"

"पोथीत कशी असेल?"

सगळं जंगल शास्त्र्यांकडे बघू लागलं. शास्त्र्यांनी मान पार मागं फिरवली, पण मागंही माकडंच होती.

"म्हणजे तुम्ही तुंबा ऐकलात," कोंडाबाई म्हणाली. "पान न् पान."

शास्त्र्यांनी पिसं फुगवली, पुन्हा मिटली. मग पुटपुटले, "दिवसा मला दिसत नाही."

"मग ग्रंथालय दिवसा उघडं ठेवायचं कुणी ठरवलं?"

"मीच. रात्री उंदीर बघावे लागतात. नेमताना कुणी वाचनाचं विचारलंच नाही, बाई. माझे डोळे बघितले आणि नेमून टाकलं. पोथीत आत काय असतं ते मला तुमच्या तुंब्यांनी कळलं. तुम्ही परत आणून दिलेत की ऐकायचो. बूच सैल झालेलं असायचं."

"आणि हा?"

"हा नवा. चोच वाकडी झाली, पण बूच निघेना. माझ्याआधी तुम्ही ऐकलात तर पुढं मी तुम्हाला काय म्हणून शिकवणार?" शास्त्र्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "मला वाटतं, सावली आचाऱ्यानंच चोरली."

कोंडाबाईनं त्यांच्याकडे नीट बघितलं. मग पाठीवरचा एक जाड काटा उपसला, बुचात खुपसला, फिरवला. बूच टपकन निघालं.

"या, बसा इकडे," ती म्हणाली, "तुंब्याला तोंड एक असलं तरी कान लागतील तेवढे लावता येतात, पण मध्येच अर्थ सांगायला लागलात, तर हाच काटा तुमच्या बुडात रोवीन."

तात्पर्य : वाचल्यानं मोठेपण येतं, असं सगळी मोठी माणसं सांगतात. त्यांनी ते कुठंतरी ऐकलेलं असतं.